हिरवे तोकुजी

आईच्या लोणच्याच्या रांजणावरून इसोको आणि तिची थोरली बहीण नोबुए यांचं जे बोलणं बंद झालं, ते नोबुएचे यजमान तोकुजी गेले तरी सुरू झालं नाही. आणि मग एके दिवशी हाशिदाते बंदराच्या मासळीबाजारातून नोबुएचाच फोन आला.

"वर्षश्राद्धाला ह्यांचं चित्र असलेली थाळी हवी. जमेल का तुला?"

इसोकोला इतका आनंद झाला, की ती फोनलाच वाकून नमस्कार करत सुटली.

जन्मभर पेल्यांवर फुलं काढलेल्या बाईने जीव ओतून तोकुजी रंगवले. चेहऱ्याला पातळ पिवळा, कोटाला हिरवा. कुतानी पद्धतीच्या चिनीमातीचे हे रंग भाजण्याआधी सगळे सारखेच फिकट, राखेच्या पाण्यासारखे. रंगाची कुठली वाटी कुठे ठेवली, एवढ्यावरच सगळा भरवसा.

भट्टी पेटली. तिचा नवरा शिगेओ चहाचा घुटका घेत म्हणाला, "काल तू रंगवायला बसायच्या आधी तुझ्या वाट्या नीट लावल्या हं मी. लहानमोठ्या, ओळीने. काय तो पसारा!"

इसोको ताडकन उठली. "अहो, उभ्या जन्मात स्वतःचा मोजा उचलला नाहीत!"

"मदत केली तरी बोलणी!"

मध्येच भट्टी उघडावी, तर थाळी तडकणार. आणि श्राद्ध तर दुसऱ्याच दिवशी. बिचारी भट्टीपाशी बसून राहिली.

भट्टी निवली, तेव्हा नोबुए दारात हजर होती. आतून तोकुजी निघाले. पिवळाधमक कोट आणि चेहरा काकडीसारखा हिरवागार. थाळी लपवायलाही वेळ मिळाला नाही. आता ही माझ्या मयतालाही येणार नाही, असं इसोकोला वाटलं.

नोबुए बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

"काय गं ताई?"

"बोट लागायची त्यांना. जन्मभर समुद्रात माकूळ पकडले, पण बंदर सुटलं की तोंड हे असं! कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे."

खोटं बोलायची सोय आयती चालून आली होती, पण इसोकोला ते जमलं नाही. तिने वाट्यांचं सगळं सांगून टाकलं.

नोबुए हसायला लागली. हसता हसता रडली, मग बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा हसली. शेवटी डोळे पुसून तिने शिगेओकडे पाहिलं.

"माझ्या श्राद्धाच्या थाळीच्या वेळीही वाट्या तुम्हीच लावा, शिगेओराव."