मुखपृष्ठावरची अक्का

"मुखपृष्ठं कुठायत, मामी?" वडिवूने ते जाडजूड बांधीव पुस्तक पुढून पाहिलं, मागून पाहिलं, झटकूनसुद्धा पाहिलं.

"मुखपृष्ठं कशाला? कादंबरी अख्खी आहे की," मंगळम मामी म्हणाल्या. "साप्ताहिकाचा अंक आला की आम्ही जावा आधी भांडायचो. वाचून झाला की कादंबरीची तेवढी पानं फाडायची आणि वर्षाअखेर बांधून घ्यायची. उरलेला अंक मुरुक्कू-चकल्यांच्या डब्यात, तेल टिपायला."

"दिवाळी अंकसुद्धा?"

"तो काय वेगळा?"

वडिवूला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. निम्म्या कुंभकोणमने हाच उद्योग करून ठेवला होता! वडिवू सरकारी दवाखान्यात नर्स होती; इंजेक्शन देता देता पेशंटला विचारायची, "घरी जुने अंक आहेत का हो?" डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, आधी नाडी बघा, मग रद्दी." तिच्या कपाटात मोरावर बसलेल्या राण्या होत्या, रथ होते, लांब डोळ्यांच्या गवळणी होत्या. सगळ्यांवर तिचा जीव. पण शोध एकाच मुखपृष्ठाचा.

वडिवूच्या लहानपणी एक वर्ष दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ काढणारा चित्रकार त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहायचा. मुखपृष्ठावरच्या लक्ष्मीसाठी त्याला चेहरा सापडेना, आणि वडिवूची थोरली बहीण, अक्का, दारात कोलमची रांगोळी काढत होती. झालं, अक्का लक्ष्मी झाली. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. घरातला अंक अम्माने तिच्याबरोबर चितेवर ठेवला. फोटो एकही नव्हता. वडिवू तेव्हा एवढीशी. आता तिला अक्काचा आवाज आठवायचा, चेहरा नाही.

"एका दिवाळी अंकावर लक्ष्मी होती," तिने चाचरत विचारलं. "तीही डब्यात गेली?"

"लक्ष्मी कुणी तेल टिपायला वापरतं का गं? शिकलीस कुठे तू? ये आत."

देवघरात काचेच्या चौकटीत ती होती. कपाळावर कुंकू, हातापायांवर चंदनाचे ठिपके, कडा कापराच्या धुराने काळवंडलेल्या. आणि ओठ दाबून हसू आवरणारी, अगदी अक्का.

"मामी, ही मला द्या. तुम्हाला तंजावरची सोनेरी लक्ष्मी आणून देते."

"देव बदलून घ्यायला ती साडी आहे का? माझ्या तिन्ही बाळंतपणांना हिलाच हाका मारल्यात मी."

"मामी, ही माझी अक्का आहे."

मामींनी चौकटीकडे पाहिलं, मग वडिवूकडे, मग पुन्हा चौकटीकडे.

"तरीच. एवढी वर्षं मी म्हणतेय, ही हसते कशाला," त्या म्हणाल्या. "नाव काय हिचं?"

"पोन्नी."

"पोन्नी," मामींनी एकदा म्हणून पाहिलं. "द्यायची नाही हं मी. कुंकू लावलंय तिला, ती आता या घरची. पण तू दर शुक्रवारी ये. दार वाजवू नकोस, सरळ आत ये." त्यांनी परडीतला मोगऱ्याचा सर तिच्या हातात दिला. "आज तू घाल."

देवाला हार गळ्यात घालतात. वडिवूने तो सर दुमडून चौकटीच्या वरच्या कडेला, अक्काच्या केसांपाशी खोचला. मामींनी पाहिलं, पण तो खाली ओढला नाही.