आधी फाटक

मी कवळ्या करते. हौस म्हणून नव्हे, धंदा म्हणून. दातांचे डॉक्टर मापं घेऊन पाठवतात आणि मी प्लॅस्टर ओतून, मेण चढवून लोकांना चावण्याजोगं काहीतरी बनवून देते. त्यामुळे आईचं घर बांधायचं मी जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "घराला दात बसवणार का?"

"आधी तुझे पाडते, मग बघू," मी म्हटलं.

झालं असं, की आमच्या बैठकीच्या भिंतीवर सगळ्यांच्या घरांचे फोटो आहेत. सासऱ्यांचं घर, नणंदेचं घर, नणंदेने ते विकून घेतलेलं दुसरं घर. आई आमच्याकडे राहायला आल्यापासून त्या भिंतीसमोर बसते. एका दुपारी तिने विचारलं, "काय गं, आपल्या घराची खिडकी दाराच्या उजवीकडे होती की डावीकडे?"

मी म्हटलं, "उजवीकडे." मग वाटलं, नाही, डावीकडे. आईने डोळे मिटून बराच वेळ शोधलं. "गेलं वाटतं," ती म्हणाली, आणि घाबरली. आईला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला ते मुळीच सहन झालं नाही.

ते घर म्हणजे रेल्वेच्या फाटकाला लागून असलेली एक खोली. अलीकडे गाव, पलीकडे शेतं, मधून रूळ. बाबा फाटकवाले होते, पण बाबांचा डोळा लागला की फाटक आईचं. आमच्या घरात थोरलं अपत्य ते फाटक, मी धाकटी. दूध उतू जात असो, मला ताप चढलेला असो, गाडी दिसली की आईचं एकच, "आधी फाटक!" मी हाताशी असले तर, "भिंगरी, फाटक!" मग मी धावत जाऊन चाक फिरवायचं आणि दांडा खाली आणायचा. त्या फाटकाचा मी मनापासून राग राग करायचे. पुढे तिथे पूल झाला, फाटक गेलं, खोली पाडली. फोटो एकही नाही. गाडीतल्या कुणी काढला असेल तर असेल, पण गाडी काही आमच्यासाठी थांबत नव्हती.

म्हणून ठरवलं. घर बांधायचं, त्याचा फोटो काढायचा आणि नणंदेच्या दोन घरांच्या मधोमध लावायचा. आणि तो बघून आईला स्वतःचं घर दिसलं पाहिजे. तिच्या डोक्यातून ते पुरतं पुसलं जायच्या आत.

माझ्या कामाच्या खोलीत प्लायवुडची फळी टाकली. खेळण्यांच्या दुकानातून रूळ आणि इंजिन आणलं. टेकाडं आणि बांध म्हणजे माझ्या हातचा मळ, प्लॅस्टरमध्येच जन्म गेलाय. भिंती रंगवताना मात्र सवयीने हात हिरड्यांच्या गुलाबी रंगाकडे गेला. नवरा वाकून म्हणाला, "घराची तब्येत छान आहे." सगळं खरवडून पुन्हा पांढरं केलं. खिडकी डावीकडे बसवली. सकाळी अंथरुणात माझ्या तोंडावर ऊन यायचं, त्या अंदाजाने. खात्री नव्हती. खोलीला कुलूप लावून ठेवत होते, आईला फक्त फोटोच दाखवायचा होता.

पहिला फोटो घेऊन गेले. आईने चष्मा लावून पाहिला. "छान आहे. कुणाच्या मुलाचं खेळणं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बघितलं तर खरंच सगळं कसं नवंकोरं, नुकतंच डब्यातून काढलेलं. मग मी ते घर नासवायला बसले. दारावर चुलीच्या धुराचं काजळ दिलं, एक कौल फोडलं, रुळांच्या कडांना गंज लावला, मधल्या खडीवर तेलाचे डाग पाडले. उकळून वाळवलेली चहाची पूड झाडाखाली पाचोळा म्हणून पसरली. सुतळी उसवून गवत केलं आणि ते रेल्वेच्या हद्दीत मुद्दाम माजू दिलं. मेणाच्या कोंबड्या केल्या. दात कोरायच्या हत्यारांनी कोंबडीला चोच काढता येते, हे डॉक्टरांना माहीत नसेल.

दुसरा फोटो. आई म्हणाली, "वरून का काढलास? आम्ही काय कावळे होतो?"

बरोबर बोलत होती. मी आपली उभी राहून खाली बघत होते. त्या घरात राहणारी आई माझ्या दोन बोटांएवढी, तिने ते तिच्या उंचीवरूनच पाहिलं असणार. कॅमेरा फळीवरच टेकवला, पायवाटेवर. आता घर समोर उभं राहिलं, पण दार लख्ख आणि मागचं सगळं धुक्यात.

नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो. इतके दिवस नुसता खिजवत होता, तो पहिल्यांदा कामाचं बोलला. "इतक्या जवळून असंच होणार. भिंगाचं तोंड अगदी बारीक कर, लांबचंही स्पष्ट येईल. पण फोटोला वेळ लागेल आणि उजेड भरपूर पाहिजे. आणि हलायचं नाही."

उजेड म्हणजे गच्ची. दोघांनी फळी उचलून जिन्यावरून वर नेली, वाटेत एकमेकांचा उद्धार करत. मागे खरं आभाळ आलं, ते मला कुठल्याही रंगात सापडलं नसतं. वाराही खराच होता. दोन कोंबड्या उडाल्या. नवऱ्याला चादर धरून वाऱ्याच्या बाजूला उभा केला.

"श्वास घेऊ नकोस," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"सांगेन."

इंजिन लांब वळणावर ठेवलं, पुढचा दिवा लावला. फाटकाचा दांडा पाडला तर तो नेमका खिडकीवरून आडवा जायला लागला! खिडकीच झाकायची तर एवढा खटाटोप कशाला? दांडा वर केला. घर मोकळं दिसायला लागलं. फोटो काढला, तो मला बरा वाटेना, पुन्हा काढला, पुन्हा काढला. चादरीमागून नवरा म्हणाला, "बाई, मी गेलो तर चष्म्याचं दुकान तुला चालवावं लागेल." ऊन कलायला लागलं तेव्हा एक मनासारखा आला. फळी खाली आणून खोलीत ठेवली, फोटो छापून आणला.

आई भिंतीसमोरच बसली होती. मी फोटो तिच्या हातात दिला आणि शेजारी टेकले. या वेळी खेळणं म्हणाली असती तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

आईने पाहिलं. फोटो जवळ घेतला. तिच्या मानेची शीर ताठ झाली, खुर्चीचा हात तिने घट्ट धरला, आणि ती ओरडली,

"भिंगरी! फाटक! गाडी आली ना!"

विचार करायला मी तिथे होतेच कुठे? माझे पाय कधीच उठले होते. बैठक ओलांडली, कुलूप काढलं, चिमट्याने दांडा धरला आणि खाली पाडला. मग फळीसमोर धापा टाकत उभी राहिले. पिकल्या केसांची बाई, हातात चिमटा. रडू आलं. त्या फाटकाचा राग आला नाही, जन्मात पहिल्यांदाच.

डोळे पुसून परत आले. आईचा श्वास अजून शांत झाला नव्हता. तिचं बोट खिडकीवर होतं.

"मी इथून बघत होते म्हणून बरं," ती म्हणाली. "तुझ्या भरवशावर राहिले असते तर! पडलं का?"

"पडलं."

"मग येऊ दे."