टाचण्यांच्या वाटीतली बटणं

शिंप्याला लागेल ते सगळं आमच्या दुकानात मिळायचं. अस्तर, चेन, कात्र्या, रिळं आणि भिंतभर बटणं. बटणांची भिंत माझी. एकतीस वर्षं मी तिथे बसून बटणं निवडली. भोकं, कड, जाडी बघून ज्याचं त्याच्या खणात. अंधारातसुद्धा बोटानं सांगेन, हे सदऱ्याचं, हे कोटाचं.

म्हणून हिरव्या फ्रॉकच्या बटणांच्या खणात रोज सकाळी तीन-चार तपकिरी, दोन निळी, काही पांढरी बटणं सापडायला लागली, तेव्हा मी हबकले. वाटलं, आता डोळे गेले. सून म्हणाली, "आई, पगार झाला की चष्मा करू." मी रोज ती बटणं निवडून जागच्या जागी टाकत राहिले.

सून त्याच दुकानात गोदाम सांभाळायची. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. आमचं घर आम्हा दोघींच्या पगारावर चालायचं.

एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना समोर उभं केलं. "चार महिने गोदामात माल कमी भरतोय," ते म्हणाले. "कात्र्या, अस्तराचे तागे, चेनची पाकिटं. किल्ली एकीच्याच हातात असते." सगळ्यांची नजर सुनेकडे गेली. मालकांनी एक कागद तिच्या हातात दिला. "शनिवारपर्यंत सही करा. अर्धं नुकसान भरा आणि जा. मी पोलिसात जाणार नाही."

गल्ल्यावर बसणारा पुढे आला. त्याला सगळे काटा म्हणायचे, कारण रोज संध्याकाळी त्याचा गल्ला बिलाच्या मशीनच्या आकड्याशी तराजूच्या काट्यासारखा जुळायचा. सात वर्षांत एक नाणं इकडचं तिकडे नाही. तो हात जोडून म्हणाला, "मालक, पोटासाठी करतो हो माणूस. सांभाळून घ्या बिचारीला."

ज्याच्यावर आळ नाही त्यानं दया दाखवली की आळ पक्का होतो, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, करते मी सही. सुटू एकदाच्या."

"मला सही करायला कोणी शिकवलं?"

"मी."

"पहिल्या दिवशी काय बजावलं होतंस?"

"वाचल्याशिवाय सही करायची नाही."

"मग वाच. काय लिहिलंय त्यात?"

"मी माल चोरला असं."

"चोरलास?"

"आई!"

"मग सही कसली? जेव आणि झोप. शनिवार लांब आहे."

लांब कुठला? मध्ये चारच दिवस होते. पण ठरवलं, आता हातातली बटणं सोडून डोळे वर करायचे.

माझी जागा गल्ल्यापासून दोन हातांवर. गल्ला लोटून बंद केला की खट् वाजायचा, बिल केलं की टण् वाजून उघडायचा. मंगळवारी कान देऊन बसले, तर टण्-खट्चा मेळ बसेना. एक बाई घाईत आली, दोन कात्र्या घेतल्या, मोजून पैसे दिले आणि बिल न घेता गेली. टण् वाजलंच नाही. काट्यानं आधीच्या गिऱ्हाइकानंतर गल्ला पुरता लोटलेलाच नव्हता. बोटभर फट ठेवली होती. त्यातून नोटा आत गेल्या. मग त्यानं मशीनशेजारच्या टाचण्यांच्या वाटीत काहीतरी टाकलं.

तो चहाला गेल्यावर वाटीत डोकावले. टाचण्या, आणि दोन तपकिरी कोटाची बटणं.

बटणांच्या दुकानात बटण पडलेलं दिसलं तर कोण विचारणार? पण मला ती खूण ओळखीची वाटली. अक्षर यायच्या आधी मी घरखर्च असाच ठेवायची. शंभराला मोठा खडा, पन्नासाला मधला, दहाला बारका, सगळे एका डब्यात. काट्याचा डबा म्हणजे ती वाटी.

बुधवारी, गुरुवारी ताडून पाहिलं. बिल नाही, तर वाटीत बटण. तपकिरी शंभराचं, निळं पन्नासाचं, पांढरं दहाचं. मालक मोजायला यायच्या आत काटा "नोटा लावतो" म्हणायचा, वाटीतल्या बटणांएवढे पैसे खिशात घालायचा आणि जाता जाता बटणं जवळच्या खणात फेकायचा. तोच माझा हिरवा खण. मशीनमध्ये ती विक्री नाही, म्हणून गल्ला जुळायचा. बिलात माल विकलेला नाही, म्हणून तो गोदामातून गेला कुठे, ते गोदामवालीनं सांगायचं.

मालकांना तसंच सांगितलं असतं, तर सासू सुनेची बाजू घेते म्हणाले असते. आणि काट्यानं वाटी उलटी करून विचारलं असतं, "आजी, बटणावर कुणाचं नाव लिहिलंय?"

शुक्रवारी दुपारी मी हिरवा खण पुरता रिकामा केला, बटणं पिशवीत भरली. काटा चहाला गेला तेव्हा वाटीत दोन तपकिरी बटणं माझ्या हातानं टाकली. मग एक चिठ्ठी लिहिली. अक्षर वेडंवाकडं, पण ओळ सरळ आली. घडी करून मालकांच्या हातात दिली.

"मावशी, हे काय?"

"रात्रीचा गल्ला मोजून झाला की उघडा. आधी नको. एकतीस वर्षांत काही मागितलं नाही, एवढं करा."

संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं. काट्यानं नोटा लावल्या. खणात बटणं पडल्याचा आवाज मी ऐकला. तो हसून म्हणाला, "आजी, खण रिकामा? तुमच्या बटणांना पाय फुटले वाटतं!"

"फुटले खरे. बघू कुठवर जातात."

मालकांनी मोजलं. पुन्हा मोजलं. "दोनशे कमी आहेत."

"शक्यच नाही," काटा म्हणाला.

मालकांनी चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली. "आज गल्ल्यात दोनशे कमी येतील. ते काट्याच्या खिशात असतील."

काटा ओरडला, "म्हातारीनंच काढले असणार!"

"मी गल्ल्याला हात लावला नाही. हिरवा खण आणा," मी म्हणाले. मालकांनी स्वतः आणला. आत सात तपकिरी, तीन निळी, चार पांढरी. "शंभर, पन्नास, दहा. करा बेरीज."

"आठशे नव्वद," मालक पुटपुटले.

"यातली दोन तपकिरी माझी. यानं बटणं मोजून पैसे काढले, म्हणून आज दोनशे जास्त निघाले. आता याचा खिसा बघा. एक नोट इकडे-तिकडे झाली, तर सुनेबरोबर मीही सही करते."

मालकांनी हात पुढे केला. काट्यानं खिशातली घडी काढून टेबलावर ठेवली. मालकांनी मोजली. आठशे नव्वद.

त्याला उद्या हिशोबाला बोलावून त्यांनी बाहेर काढलं. मग सुनेकडून तो सहीचा कागद घेऊन फाडायला निघाले.

"थांबा," मी म्हणाले. "आळ सगळ्यांसमोर घेतलात. तो कागदही सगळ्यांसमोर फाटला पाहिजे."

शनिवारी सकाळी मालकांनी सगळ्यांना उभं केलं, सुनेची माफी मागितली आणि कागदाचे चार तुकडे केले. सून गोदामाकडे वळली, तशी दारातून म्हणाली, "आई, चष्म्याचं राहू दे ना मग?"

"राहू दे," मी म्हणाले, आणि पिशवीतली हिरवी बटणं खणात ओतायला घेतली.