उन्हाळ्यात मठ्ठ, हिवाळ्यात शहाणा

मी एक फुटकं हेल्मेट आहे. कीव करू नका, मित्रांनो. फुटल्याचं मला दुःख नाही, मला राग आहे. रागाने तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझा मुक्कामच मस्तकावर, त्यामुळे माझी आग कायम पेटलेली.

मिसिसिपी राज्यातल्या एका लहान गावात अर्नेस्टाईन प्रुइट नावाच्या बाई राहतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर मी असतो. बाई चर्चच्या गाण्यात असतात, म्हणून घरात सदा माणसांची ये-जा. आलेला पाहुणा माझ्याकडे बघून म्हणतो, "बाप रे! काय धडक झाली असेल!" आणि डोळ्यांत कौतुक. अरे, कौतुक कसलं करता? माझ्या आत एक डोकं होतं, त्याची चौकशी करा ना आधी!

पण पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. कडक प्लास्टिकचं कवच, आत हवेच्या गाद्या, तोंडापुढे लोखंडी जाळी. माझ्यात लोखंडाचं खोटं डोकं घालून मला उंचावरून आपटून पाहिलं. मी पास झालो. मग माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की डोक्याच्या आतली इजा कुठलंही हेल्मेट थांबवू शकत नाही. बघा, मी कधी कुणाला फसवलं नाही. मी पाठीवर लिहून घेऊन फिरत होतो. वाचलं नाही कुणी, त्याला मी काय करू?

तिथून मी ओहायोत, टोलीडो शहराच्या फुटबॉल संघात आलो. अमेरिकेचा फुटबॉल तुमच्या फुटबॉलसारखा नव्हे. तिथे चेंडू छातीशी धरून पळतात आणि पळणाऱ्याला आडवा पाडतात. संघाच्या सामानाचे प्रमुख होते मिस्टर विलार्ड, साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला एका बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बसवलं, पंपाने गाद्यांत हवा भरली आणि विचारलं, "घट्ट होतंय?"

"नाही, सर. छान आहे. आमच्या शाळेचं हेल्मेट तर कानाला चावायचं," पोरगा म्हणाला.

तो अर्नेस्टाईनबाईंचा मुलगा, कॉर्डेल. मोठमोठ्या संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आला होता तसाच, नशीब आजमावायला. नवख्यांच्या हेल्मेटवर कपाळाशी पांढरी पट्टी चिकटवतात आणि तिच्यावर नाव लिहितात, कारण नवख्याचा चेहरा लक्षात ठेवण्याचे कष्ट कोण घेणार? माझ्याही कपाळावर 'प्रुइट' असं लिहिलं गेलं. नव्वद जण आले होते, त्रेपन्न राहणार होते. डावपेचांची एक जाडजूड वही प्रत्येकाला मिळालेली. रोज सकाळी टोपी घातलेला एक माणूस खोल्यांवरून फिरायचा. दार वाजवून म्हणायचा, "कोच बोलावतायत. वही घेऊन ये." वही घेऊन ये म्हणजे परत कर आणि घरी जा. त्याच्या पावलांचा आवाज आला की नव्वद पोरं श्वास रोखायची.

कॉर्डेल राहिला. पण कुठे राहिला ते ऐका. चेंडू फेकणारे आणि झेलणारे असतात ना, त्यांचे फोटो बसगाड्यांवर लागतात. मात्र सामन्यात अधूनमधून चेंडू लाथेने लांब उडवतात, आणि तेवढ्यापुरती एक वेगळी टोळी मैदानात येते. तिचं काम एकच. पन्नास-साठ यार्ड जीव खाऊन धावायचं आणि चेंडू झेलणाऱ्याला, नाहीतर जो आडवा येईल त्याला, सगळ्या वजनानिशी धडकायचं. कॉर्डेल त्या टोळीतला. आणि ही टोळी मैदानात उतरली की प्रेक्षक काय करायचे, ठाऊक आहे? बिअर आणायला उठायचे! इकडे पोरं एकमेकांच्या अंगावर गाड्यांसारखी आदळतायत आणि तिकडे लोक विचारतायत, मोहरीची चटणी लावून देऊ का रे सॉसेजला? माझा तेव्हा जो संताप व्हायचा तो अजून उतरलेला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दर उन्हाळ्यात सराव सुरू होण्याआधी खेळाडूंच्या डोक्याची परीक्षा घेतात. पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. महिने उलटे म्हणायला लावतात, एका पायावर उभं करतात. ते गुण लिहून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. उन्हाळ्यापेक्षा गुण घसरले तर खेळाडूला बाहेर बसवायचं. किती शहाणपणाची पद्धत! पण माणसाच्या डोक्यातून पळवाट निघणार नाही असं कधी झालंय?

संघात रॉस्को टिलरी नावाचा जुना खेळाडू होता. या टोळीत त्याने दहा वर्षं काढली होती. त्याने पहिल्याच उन्हाळ्यात कॉर्डेलला परीक्षेच्या खोलीच्या दारात गाठलं.

"काय पोरा, पाठ करून आलास वाटतं?"

"पाठ काय करायचं? सोपीच असते ना?"

"सोपी आहे म्हणूनच सांगतो. सगळं बरोबर सांगून बसू नकोस. उन्हाळ्यात जरा मठ्ठ हो, म्हणजे हिवाळ्यात शहाणा दिसशील."

"पण ते खोटं झालं ना, रॉस्को."

"मोठा आला सत्यवादी! उद्या डोकं गरगरलं की दोन आठवडे घरी बसवतील. तेवढ्यात तुझ्या जागी दुसरा उभा, आणि वहीवाला तुझ्या दारात. मग सांग त्याला, मी खरं बोललो होतो म्हणून."

कॉर्डेल आत गेला. मी टेबलावर त्याच्या कोपराजवळ होतो. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पाच शब्द सांगितले. थोड्या वेळाने परत विचारले, तेव्हा त्याने पाचच्या पाच शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले. मला स्पष्ट ऐकू आले. आणि मोठ्याने सांगितले फक्त तीन, त्यातलाही एक चुकीचा. महिने उलटे म्हणताना ऑगस्टपाशी मुद्दाम अडखळला. बाई बिचाऱ्या "काही हरकत नाही हं" म्हणत लिहीत गेल्या. मी नुसता ओरडायचा बाकी होतो. अरे गाढवा, आपल्याच डोक्याला काय फसवतोस! पण जाळीचं तोंड असलेल्याचं कोण ऐकतो?

चार उन्हाळे त्याने हेच केलं.

खोटं कशाला बोलू, ती चार वर्षं मीही मिरवली. धडक झाली की समोरच्या संघाच्या हेल्मेटचा रंग माझ्यावर उतरायचा. निळा, लाल, पिवळा. मिस्टर विलार्ड सोमवारी ते ओरखडे पुसायला घ्यायचे, की कॉर्डेल धावत यायचा. "तो निळा राहू द्या ना, मिस्टर विलार्ड. तो फार मोठा मासा होता!" या टोळीचे प्रशिक्षक कोच ब्रॅनिगन त्याला सगळ्यांसमोर 'माझा हातोडा' म्हणायचे आणि पोरगा हरखून जायचा. रात्री आईला फोन करून सांगायचा. आई म्हणायची, "हातोडा कसला? माझ्या पोराचं नाव ठेवलंय मी चांगलं." हंगाम संपला की मला तपासणीला पाठवायचे. कवच, गाद्या, खिळे, सगळं बघायचे. माझ्या आतल्या डोक्याला मात्र कॉर्डेलच कुणाला बघू देत नव्हता.

चौथ्या वर्षीचा नोव्हेंबर. दुपारी पहिलीच मोठी लाथ बसली, चेंडू उडाला, कॉर्डेल सुटला. समोरून एक धिप्पाड गडी आला. धडक झाली आणि माझ्या कपाळात काहीतरी कट्‌कन तुटलं. कॉर्डेल उठला, चालत कडेला आला आणि कोच ब्रॅनिगनना आपल्या शाळेतले कोच समजून म्हणाला, "कोच डूली, शाळेची बस गेली का?"

त्याला लगेच कडेच्या निळ्या तंबूत नेलं. मला मिस्टर विलार्डनी मांडीवर घेतलं. तंबूचं कापड हातभर अंतरावर होतं, सगळं ऐकू येत होतं. तीच परीक्षा. पाच शब्द, उलटे महिने, एक पाय. तोवर कॉर्डेल थोडा भानावर आला होता. बरोबर किती आले? तीन.

डॉक्टर म्हणाले, "उन्हाळ्यापेक्षा एक जास्तच आहे."

"मार खाऊन हुशार झाला लेकाचा!" कोच म्हणाले, आणि तंबूत हशा पिकला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कॉर्डेल, बसचं काय बोलत होतास? खरं सांग, उन्हाळ्यात परीक्षा मनापासून दिली होतीस ना?"

बोल, कॉर्डेल. एक शब्द बोल. त्या क्षणी माझ्याकडे असतं नसतं ते सगळं मी त्या एका 'नाही'साठी दिलं असतं.

"हो, सर. आणि बसचं म्हणाल तर गंमत केली मी," तो म्हणाला.

इकडे मिस्टर विलार्डचा अंगठा माझ्या कपाळावर थांबला. तडा. केसाएवढा, पण आरपार. नियम सरळ आहे. तडा गेलेलं हेल्मेट मैदानात पाऊल टाकत नाही. माझे उन्हाळ्यातले गुण कुणी काढले नाहीत, की मला बरं वाटतंय का म्हणून विचारलं नाही. तिथल्या तिथे बाद!

"कोच, याचं हेल्मेट फुटलंय," मिस्टर विलार्ड म्हणाले.

"मग दुसरं दे."

"कोच, ते फुटलं तेव्हा याचं डोकं आतच होतं."

"डॉक्टरांनी सोडलंय त्याला. तू हेल्मेटं बघ, विलार्ड."

दुसरं हेल्मेट आलं. कोरं, चकचकीत. काय झालं तुम्ही ओळखलंच असेल. शेवटच्या पावतासात पुन्हा लाथ, पुन्हा ती धाव. लोक बिअर आणायला उठलेले. या वेळी कॉर्डेल पडला तो उठला नाही. मिस्टर विलार्ड मला बाकावर टाकून मैदानात धावले. त्याला गाडीवर आडवा बांधून नेताना त्याने अंगठा वर केला, आणि तेव्हा कुठे सगळ्या मैदानाने उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तो अंगठा आपण वर केला होता हे त्याला आजही आठवत नाही.

वसंत ऋतूत वहीवाला त्याच्या दारात आलाच. ज्या भीतीपोटी एवढं केलं, तेच झालं. मिस्टर विलार्डनी नियम मोडून मला किराणाच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "फेकून द्यायला हवं होतं. माझ्याने होईना."

आज कॉर्डेल एकतीस वर्षांचा आहे. शेगडी पेटती ठेवून अंगणात जाऊन बसतो. चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला की डोकं धरून बाहेर येतो. आईच्या अंगावर ओरडतो, आणि तासाभराने तिलाच विचारतो, "मम्मा, तू का रडतेस?"

ज्यांचं डोकं या खेळाने बिघडलं त्यांच्या उपचारांची सोय करणारं एक कार्यालय आहे. खूप अर्ज केल्यावर गेल्या महिन्यात त्यांच्या डॉक्टरांनी जॅक्सन शहरात बोलावलं. अर्नेस्टाईनबाईंनी मला पिशवीत घालून बरोबर नेलं. पुन्हा पाच शब्द. पुन्हा महिने. या वेळी कॉर्डेलने जीव तोडून प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. दोन शब्द आले. महिने ऑगस्टपाशी अडकले, आणि या वेळी खरोखर अडकले.

डॉक्टर हॅव्हरसननी जुना कागद काढला, शेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "फरक काहीच नाही. फरक नसेल तर सोय मंजूर होत नाही. चार वर्षांचे कागद आहेत इथे. हे पहिल्यापासून असेच आहेत."

"असाच म्हणजे कसा?" बाई उभ्याच राहिल्या. "माझा पोरगा मठ्ठ नव्हता! बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांची नावं उलटी म्हणायचा, सात वर्षांचा असताना! हे बघा, हे बघा काय फुटलंय त्याच्या डोक्यावर!" त्यांनी मला टेबलावर आदळलं.

"बाई, हेल्मेट फुटलं याचा अर्थ त्याने आपलं काम केलं," डॉक्टर म्हणाले.

काम केलं! मी तिथेच दुसऱ्यांदा फुटलो असतो.

तेव्हा कॉर्डेल बोलला. जमिनीकडे बघत, एकेक शब्द उचलून ठेवत. "मी मुद्दाम चुकायचो. चारही वर्षं. मम्मा, तुला सांगितलं नाही मी. मला पाचही शब्द यायचे."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. हे सत्य तंबूत बोलायचं होतं, राजा. आता त्याला कोण पुसतो?

डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "मला लिहिता येईल असं काहीतरी द्या. ते शब्द कोणते होते, आठवतात? निदान पहिल्या वर्षीचे?"

कॉर्डेलने डोळे मिटले. त्याचे ओठ हलले, पण या वेळी ओठांत काहीच नव्हतं. मग आईने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "चल, बाळा. घरी जाऊ."

मला आठवतात ते शब्द, मित्रांनो. पाचच्या पाच. पण फुटक्या हेल्मेटची साक्ष कोण लिहून घेतो?

मला पुसत जा, जपत जा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारखी कारखान्यात रोज हजार निघतात. डोकं दुखत असेल तर दुखतंय म्हणा. गरगरत असेल तर खाली बसा. जागा जाईल म्हणून कुणी भीती घातली तर जाऊ द्या ती जागा, खड्ड्यात जाऊ द्या! आणि स्वतःला मुद्दाम मठ्ठ दाखवायला जो शिकवतो, तो कितीही प्रेमाने सांगत असला तरी त्याचं ऐकू नका.

कधी या गावी आलात तर माझ्यापुढे उभं राहून 'बाप रे' करू नका. खिडकीपाशी खुर्चीत कॉर्डेल बसलेला असतो. त्याच्याशी बोला. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबा.