चौथं रिकामं आहे

आमच्या दादाने जन्मभर ज्या गोष्टीची टिंगल केली, तीच मागायला एका मंगळवारी सकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"ठिणगे, मला एक डिस्प्ले करून दे. गाडीत कुठली ट्यून चालू आहे, ते दिसलं पाहिजे."

मी हातातला कप खाली ठेवला. सव्वीस वर्षं मी या माणसाच्या मागे लागले होते. वजनकाट्यांच्या कारखान्यात माझी हयात गेली ती काट्यावरचे लाल आकडे जोडण्यात. तुझ्या त्या स्विचला एक आकडा लावायला मला दोन दुपारी पुरतील, असं मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. प्रत्येक वेळी एकच उत्तर: "मला कान आहेत."

"का रे, कुठे गेले कान?" मी चिडवलं.

"डोळे गेलेत," तो म्हणाला. "स्विचवरची खूण दिसत नाही. करतेस की नाही ते सांग, उलटतपासणी नको."

डोळे गेले म्हणून डोळ्यांना दिसणारी वस्तू मागतोय, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. दादाने माझ्याकडे काहीतरी मागितलं, याच आनंदात मी होते. शिवाय हल्ली तो फोन न करता नुसते मेसेज पाठवायचा, तेही मी म्हातारपणी आलेला शहाणपणा म्हणून खपवून घेतलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आधी ही ट्यूनची भानगड सांगते. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि आत ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा एक छोटा संगणक डॅशबोर्डखाली असतो. (घरात ठिणगी कधी पाडायची ते मी ठरवते, म्हणून माझं हे नाव.) दादाने त्या संगणकाच्या पाठीवर स्वतः एक चिप बसवली. चिपमध्ये चार जागा, प्रत्येक जागेत इंजिनाचा वेगळा स्वभाव, आणि निवडायला स्टिअरिंगखाली एक गोल स्विच. पहिली ट्यून मामा, रोजच्या वापराची, कशालाही नाही न म्हणणारी. दुसरी काका, पेट्रोल थेंबाथेंबाने चाटणारी. तिसरी आत्या. पायाचा नुसता स्पर्श झाला की अंगावर येते. आमची खरी आत्या अशीच होती. दादाची लेक मला आत्या म्हणते, तिने एकदा विचारलं होतं, "ही तुझ्यावरून का गं?" मी म्हटलं, अजून तरी नाही, पण तू असेच प्रश्न विचारत राहा.

आणि चौथं? "चौथं रिकामं आहे. तिथे फिरवू नको, गाडी बंद पडेल." हे मी पहिल्यापासून ऐकत आले होते.

आता डिस्प्लेची घाई का, तेही दादाने सांगितलं. मागच्या महिन्यात त्याने गाडी भरून चढावर काका लावून दामटली. अशा वेळी इंजिनाच्या आत कोणी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आला की कोणीही पाय काढेल, नाहीतर इंजिनाचे बारा वाजतात. दादाने पाय काढला नाही. शेजारी बसलेली लेक किंचाळली तेव्हा काढला. घरी येऊन तिने फर्मान काढलं: पप्पा, गाडी विका. रविवारी एकजण गाडी बघायला येणार होता.

"डिस्प्ले झाला तर मी तिला सांगू शकतो, बघ, आता चूक होणार नाही," दादा म्हणाला. "नाही झाला, तर बाबांची गाडी गेली म्हणून समज."

बाबांची गाडी. मी म्हटलं, "शनिवारी ये. गाडी घेऊन ये, आणि येताना मामाशिवाय कोणाला हात लावू नकोस."

मी कामाला लागले. आकडा लावणं सोपं होतं, पण दादा मान हलवेना. "आकडे नकोत. घरची माणसं आहेत ती." मग मी आठ ओळी, आठ रकाने असा चौसष्ट लाल ठिपक्यांचा चौकोन घेतला आणि चौकटीच्या वहीत पेन्सिलने अक्षरं भरायला बसले. 'मा' मुकाट्याने बसला. 'का'चं पोट एका बाजूला फुगलं. 'आ'ने मात्र बुधवारची अख्खी दुपार खाल्ली. काही केल्या तो आ दिसेना, मोडकी शिडीच दिसे. स्वभावाला जागली म्हणायची. डबा म्हणून प्रवासातली साबणाची डबी घेतली, आणि उन्हात ठिपके नीट दिसावेत म्हणून तिच्या तोंडावर गाडीच्या मागच्या दिव्याच्या फुटक्या लाल काचेचा तुकडा घासून बसवला. स्विचकडून दोनच तारा येतात. दोन्ही बंद म्हणजे मामा, एक चालू म्हणजे काका, दुसरी चालू म्हणजे आत्या, दोन्ही चालू म्हणजे चौथं. त्या दोन तारा वाचायच्या आणि अक्षर दाखवायचं, एवढंच काम.

चौथ्याचं पान वहीत कोरंच राहिलं. त्या कोऱ्या पानाकडे बघताना मला बाबा आठवले.

बाबांची गाडी घराच्या कोपऱ्यावर वळली की आम्हाला आतूनच कळायचं. तिला एक उचकी होती. उभी राहिली की घरघर, घरघर, घरघर, आणि मध्येच एक उचकी. बंद करण्याआधी बाबा एकदा हलकेच पाय दाबायचे, गाडीला शाबासकी दिल्यासारखा. खिडकीजवळ मी असायचे. मी म्हणायचे, "आले!" दादा म्हणायचा, "टीव्ही बंद कर!" आणि बाबा दारात यायच्या आत आम्ही दोघं पुस्तकात नाक खुपसून बसलेलो असायचो. टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायचं बाबांना कधी सुचलं नाही. सुचलं असेलही, आणि त्यांनी आम्हाला सोडून दिलं असेल. असे होते बाबा.

मग दादा गाड्यांच्या कामात शिरला, आणि त्याने सगळ्यात पहिलं काय केलं असेल, तर बाबांच्या गाडीची उचकी काढली. केवढा मिरवला! त्या संध्याकाळी बाबा आले ते आम्हाला कळलंच नाही. बावीस वर्षांचा घोडा आणि अठरा वर्षांची घोडी, दोघं टीव्हीसमोर पाय पसरून बसलेले, आणि मागे दारात बाबा. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "घरच्यांना माझा आवाज ओळखू येईना झाला."

हे सोमवारी. शुक्रवारी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या बाबा गेले.

शनिवारी सकाळी दादा गाडी घेऊन आला. मी डबी डॅशबोर्डवर चिकटवली, तारा जोडल्या आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसले. दादा उघड्या दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला, परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरसारखा. मी चावी फिरवली. लाल 'मा' उमटला.

"वा!" दादा म्हणाला. "अगं, शिरोरेघसुद्धा दिलीस!"

मी फुशारले. स्विच एक घर पुढे नेला. काकाची जागा. इंजिन बारीक आवाजात कुरकुरायला लागलं, काकाच तो, शंका नको. आणि डबीवर उमटला 'आ'.

अरेच्चा! दोन तारांची अदलाबदल झाली होती, दुसरं काय. वीस-बावीस वर्षं हे काम केलेल्या बाईने अशी चूक करावी? आता दादा मला आठवडाभर सळो की पळो करणार म्हणून मी जीभ चावली आणि वर बघितलं.

"आत्या," दादा डबीकडे बघत म्हणाला. "ऐक, कशी डरकाळी फोडतेय!"

मला वाटलं टोमणा मारतोय. मी हसले. स्विच आणखी पुढे नेला. आता इंजिन खरंच गुरगुरायला लागलं, माझ्या हाताखाली स्टिअरिंग थरथरलं. डबीवर 'का'.

"आणि हा काका," दादा म्हणाला. "बरोब्बर. कसा गुपचूप झाला बघ."

तो हसत नव्हता. एके काळी हा माणूस गल्लीच्या टोकाला, गाडीकडे पाठ करून उभा राहायचा आणि आत मामा चालू आहे, काका की आत्या ते सांगायचा. एकदाही चुकला नव्हता.

मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "दादा, गाडीखाली आग लागली आहे."

"हो ना," मागून दादाचा आवाज आला. "छान झालंय."

मी गाडी बंद केली. उतरले. त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्याला माझे ओठ दिसतील असं विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"थापा पुरे! तुझ्या त्या डबीला तारा उलट्या लागल्यात. आत्याला तू काका म्हणालास. कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

दादा खाली बघायला लागला. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि पोटाशीही धरावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

"दोन वर्षं," तो शेवटी म्हणाला. "डावा आधी गेला. उजवा वर्षभरात. जवळून, तोंडाकडे बघून बोललं की चालून जातं. तुम्हाला सांगितलं तसं गॅरेज गुडघ्यांमुळे बंद नाही केलं मी. गाडी समोर चालू असायची आणि मला नुसतं पत्र्याचं थरथरणं दिसायचं. गिऱ्हाइकाला काय सांगू? चढावर ती पोरगी किंचाळली ना, ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं."

"डॉक्टर?"

"जायचंय."

"सोमवारी. मी येतेय बरोबर. आणि लेकीलाही आजच सांगायचं."

त्याने मान हलवली. मग अगदी हळू विचारलं, "ठिणगे, खरं सांग. देऊन टाकू का गाडी?"

अशा वेळी मी हात चालवते. आतून सोल्डरिंगची कैय तापवून आणली, दोन तारा सोडवल्या, अदलाबदल करून पुन्हा जोडल्या. पाच मिनिटांचं काम. दादा तेवढा वेळ बॉनेटला टेकून उभा होता.

"झालं," मी म्हटलं. "तिघं आपापल्या जागी आले. चौथं तर रिकामंच आहे."

"नाही," दादा म्हणाला.

"काय नाही?"

"रिकामं नाही. तिथे 'बा' लाव."

मी कैय खाली ठेवली.

"बाबा ते बोलले ना, त्याच आठवड्यात हा स्विच केला मी," तो म्हणाला. "ट्यून बदलण्याआधी मूळची उतरवून ठेवली होती. उचकीसकट. ती चौथ्या जागेत घातली. म्हटलं, रविवारी बाबांना दाखवू. इथे फिरवा, तुमचा आवाज परत. मग शुक्रवार आला. नंतर एकदाही फिरवलं नाही गं. ऐकायची हिंमत झाली नाही. आता हिंमत होतेय, तर कान नाहीत."

मी आत गेले, वहीचं कोरं पान काढलं. 'बा' काढून डबीत भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझे डोळे भरून येत होते आणि चौकटी पुसट होत होत्या, तरी एक ठिपका चुकला नाही.

गाडीत बसले. दादाला म्हटलं, "हात ठेव बॉनेटवर." त्याने दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले आणि काचेतून माझ्या ओठांकडे बघत राहिला. मी चावी फिरवली. मामा. मग स्विच धरला आणि काका, आत्या मागे टाकून शेवटपर्यंत नेला.

लाल 'बा' उमटला. इंजिन क्षणभर अडखळलं आणि लागलं.

घरघर, घरघर, घरघर. उचकी.

सव्वीस वर्षांनी. तीच. मी अठरा वर्षांची झाले, खिडकीजवळची झाले. दादाच्या तळव्यांना ती उचकी लागली असावी, कारण त्याचे खांदे एकदम हलले. पण त्याच्या चेहऱ्यावर प्रश्नच होता. तो माझ्याकडे बघत होता, मी सांगेन म्हणून.

मी एकदा हलकेच पाय दाबला, बाबा दाबायचे तसा, आणि गाडी बंद केली. मग त्याला नीट दिसेल असं, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हटलं, "आले."

दादाचा चेहरा वेडावाकडा झाला. बाहीने त्याने नाक पुसलं.

"मग बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "टीव्ही बंद कर."