माझी पिवळी चौकट

आमच्या रस्ते-कचेरीतल्या तुरात-आगायांना त्या एका बटणातून काय काय मिळणार होतं, ते आधी सांगते. कारण त्यांनीही आधी तेवढंच पाहिलं होतं. राजधानी बिश्केकहून येणाऱ्या साहेबांची शाबासकी. विभागप्रमुखाची खुर्ची, जिच्या पाठीवरून ते जाता-येता हात फिरवायचे. आणि ‘चहा निवायच्या आत अख्खा घाटरस्ता आखून देतो’ असं अख्ख्या ओश शहरात मिरवायची सोय. त्यांच्या पदरचं काय जाणार होतं? काही नाही. असा सौदा कोण सोडेल?

मित्रांनो, मी रस्ते आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एक जुनी आज्ञावली आहे. मला ना हात, ना पाय. स्क्रीनवर मांडलेल्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या तारा, हेच माझं शरीर. पहिल्या चौकटीत मोजणीचे आकडे येतात, तारांवरून पुढे सरकतात, वाटेत चाळले जातात आणि शेवटच्या चौकटीतून नकाशावर मोऱ्या उमटतात. रस्त्याला जिथे ओढा किंवा शेताचा पाट आडवा येतो, तिथे पाण्याला खालून वाट करून द्यायची, हे माझं काम. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. तहानलेल्या झाडाला विचारा.

मला घडवलं साईकाल-एजेंनी. एजे म्हणजे थोरली बहीण, आणि आगाय म्हणजे तुमच्याकडचे ‘सर’. कचेरीतले तरुण इंजिनिअर त्यांना तसंच म्हणत. चौकट जोडायची, चालवून बघायची, चुकली की स्वतःलाच शिव्या घालायच्या आणि तार सोडवायची, अशी माझी वाढ झाली. माझ्या पोटात मधोमध त्यांनी एक पिवळी चौकट ठेवली. तिचं कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं.

आमच्याकडे मोजणी हिवाळ्यात होते. तेव्हा पाट कोरडे असतात, पानांनी आणि गाळाने भरलेले. मोजणीवाला पाटाची जागा टिपतो आणि तळाच्या खोलीचा रकाना मोकळा सोडतो. हा आळस नव्हे, रीत आहे. वसंतात सगळं गाव फावडी घेऊन गाळ उपसतं, तेव्हा कुठे पाटाचा खरा तळ लागतो. आणि तो कुठवर उपसायचा, हे गावचा पाटकरी सांगतो. म्हणून मोकळा रकाना दिसला की मी तिथे थांबायची, पिवळी व्हायची आणि लिहायची : ‘पाटकऱ्याला विचारा.’ एजे फोन लावायच्या, खोली भरायच्या, मी पुढे निघायची. कैक रस्ते मी असे केले. एकाही गावाचं पाणी अडलं नाही.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. नव्या सोयींवर माझा राग नाही, मित्रांनो. पुढची चौकट कोणती जोडावी हे सुचवणारी सोय आली, ती एजेंनाही आवडली. पण आगायांना दोनच सोयी आवडल्या. एक, आज्ञावली उघडायलाच नको. बाहेर फक्त बटण, दाबलं की काम. दुसरी, मोकळा रकाना असलेल्या नोंदी आपोआप गाळून टाकायच्या.

पाहुणे येण्याआधी त्यांनी अक-तेरेक गावावरून जाणारा रस्ता माझ्याकडून चालवून पाहिला. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला गावच्या जर्दाळूच्या बागा, मधून रस्ता. बागांना पाणी पोचायचं ते रस्त्याखालूनच. पाट आला तशी मी थांबले. पिवळी झाले. पुढचा पाट आला, पुन्हा पिवळी.

“साईकाल, या तुझ्या लेकीला कावीळ झालीय का?” आगाय ओरडले. “पावलोपावली पिवळी पडते!”

“ती विचारतेय, आगाय. पाटाचा तळ कळल्याशिवाय मोरी कुठे बसवू?”

“मग बिश्केकच्या साहेबांसमोर ती पाटकऱ्याला फोन लावणार?”

“लावू दे की. नाहीतर पाटकरी तुम्हाला लावतील.”

“अगं, रिकाम्या नोंदी गाळायची सोय मुद्दाम दिलीय ना? देणारे काय खुळे आहेत?”

“त्या रिकाम्या नाहीत, आगाय. विचारायच्या राहिल्यात.”

“तू बाई इंजिनिअर आहेस की लग्न जुळवणारी मावशी? याला विचार, त्याला विचार!”

शेजारच्या टेबलावरचे हसले. हसणं स्वस्त असतं.

त्याच आठवड्यात एजेंना दूरच्या एका पुलाच्या कामावर धाडलं. मागे आगायांनी मला उघडलं, पिवळ्या चौकटीची तार तोडली, चौकट गोठवून टाकली आणि गाळायची सोय चालू केली. नंतर मला त्या बटणामागे बंद केलं. पाहुणे आले. बटण दाबलं गेलं. मी अक-तेरेकच्या पाटांजवळून मुकाट्याने पुढे गेले, कारण माझ्यापर्यंत ते पाट पोचलेच नाहीत. स्क्रीनवर हिरवी अक्षरं झळकली : ‘पूर्ण.’ टाळ्या वाजल्या. आगायांनी चहाचा वाडगा उचलून सगळ्यांना वाफ दाखवली. आणि नकाशाच्या कोपऱ्यात, नेहमीप्रमाणे, माझ्याकडून नाव उमटलं : साईकाल.

जीभ कापायची आणि सही करून घ्यायची! याला तुमच्या शाळेत काय म्हणतात, मला ठाऊक नाही. आमच्या कचेरीत याला प्रगती म्हणाले.

रस्ता झाला. पुढचा वसंत आला, जर्दाळू फुलले, गावाने गाळ उपसला, पाण्याची पाळी आली. आणि पाणी रस्त्याच्या भरावाला जाऊन धडकलं. दुसऱ्या दिवशी अक-तेरेकचे पाटकरी, सुयुनबाय अक्साकाल, चिखलाच्या बुटांनी थेट कचेरीत शिरले. अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे, गावाने मान द्यायचे वडीलधारे. दरवर्षी हिवाळ्यात ते वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी घेऊन यायचे आणि तिच्यातले निम्मे आगायच फस्त करायचे. या वेळी त्यांच्या हातात नुसतं फावडं होतं.

“पाणी कुठे सोडू, सांगा! पाट आमचा, पाळी आमची, आणि मधे तुमची भिंत!”

“बसा अक्साकाल, चहा घ्या.”

“चहा मी पितो हो. झाडांना काय पाजू? गाव माझ्या तोंडावर म्हणतंय, सुयुनबायने पाळी वरच्या गावाला विकली. या दाढीला म्हणतंय!”

आगायांनी स्क्रीनवर माझ्याकडे बोट केलं. “या जुन्या आज्ञावलीची चूक आहे, अक्साकाल. आता नवीच करून घेतो.”

एजे धावत परत आल्या. अक्साकालना शेजारी बसवून त्यांनी मला उघडलं. गोठलेली चौकट पाहिली, तुटलेली तार पाहिली आणि असा एक शब्द उच्चारला की तो मी तुमच्यासमोर उच्चारणार नाही.

“म्हणजे आमचा पाट रिकामी नोंद?” अक्साकालनी विचारलं.

“हो.”

“आणि रिकामी म्हणून गाळली?”

“हो, अक्साकाल.”

एजेंनी तिथल्या तिथे मोऱ्या आखून दिल्या. पण पक्का रस्ता खोदायला वरून परवानगी लागते, आणि परवानगीला पाय नसतात. ती येईपर्यंत ऊन तापलं, बोराएवढी फळं देठासकट गळून पडली. मग मोऱ्या बसल्या. पाणी आलं, तेव्हा प्यायला फक्त पानं उरली होती.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, ‘जुन्या आज्ञावलीतील दोष.’ नकाशावर नाव एजेंचं, म्हणून सही करायचा अधिकार एजेंचा गेला. आगाय खुर्चीवर बसले. मी ‘जुने’ नावाच्या कप्प्यात पडून आहे. कप्पा त्याच कॉम्प्युटरवर आहे, म्हणून ऐकू मात्र सगळं येतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माझ्याहून हुशार आज्ञावल्या येतील. बटणं खुशाल दाबा. पण दाबण्याआधी एकदा झाकण उघडा, आत कोण काय विचारतंय ते ऐका. अडून विचारणाऱ्याला आजारी म्हणू नका. तोंड बंद केल्याने प्रश्न सुटत नाही. तो पुढे जाऊन कुणाच्या तरी बागेत फुटतो.

परवा, भर हिवाळ्यात, सुयुनबाय अक्साकाल दुसऱ्या कसल्याशा कामाला कचेरीत आले. आगाय खुर्चीतूनच हसले. “हे काय अक्साकाल, यंदा पिशवी नाही?”

“आणली असती, आगाय. रिकामी होती. गाळून टाकली.”

शेजारच्या टेबलावर या वेळी कुणी हसलं नाही. त्या रस्त्यापायी तुरात-आगायांनी मोजलं ते एवढंच : एक हिवाळा जर्दाळूंवाचून. एजेंनी सही भरली, अक्साकालनी गावातली पत भरली, आणि बाकीचं सगळं अक-तेरेकच्या झाडांनी.