गच्चीवरची निरोपाची पेटी

मित्रांनो, तलावाकाठच्या बर्फाच्या कारखान्याची गच्ची पाहिलीत, तर पाण्याच्या टाकीला टेकलेली एक करडी पेटी तुम्हाला दिसेल. झाकणाला तडा गेलाय, अँटेना एका अंगाला कललीय. ती मी. आता माझ्यावर कावळे येऊन बसतात. पण एके काळी या तलावावरचा एकही निरोप माझ्यावाचून काठाला लागत नसे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मला घडवलं. त्यांच्या दुकानातल्या लांब टेबलावर आम्ही सगळ्या बहिणी पोट उघडं टाकून ओळीने पडलेल्या असायचो. बाई चष्मा कपाळावर सरकवून तारांना डाख देत आणि आम्हाला समजावत, की तुमच्यात कोणी मुख्य नाही; एक बंद पडली तर दुसरीने तिचं काम उचलायचं. मग माझ्या बहिणी होड्यांवर गेल्या आणि मी या गच्चीवर आले. एकमेकींना आम्ही पुन्हा कधी पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

आमची रीत अशी होती. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकीने हाक घालायची. जिला ऐकू येईल तिने ओ द्यायची, आणि आपल्याला आणखी कोणाची हाक ऐकू येते तेही सांगायचं. त्यामुळे माझा आवाज जिथवर जात नसे, तिथली खबरही मला असायची. होड्या काही एका जागी थांबत नाहीत. सकाळचा रस्ता दुपारी मोडायचा, मग आम्ही नवा जोडायचो. एखादी गप्प झाली, की तिला वगळून दुसरीच्या हाती निरोप द्यायचा. कोणीच जवळ नसेल, तर कोणी भेटेपर्यंत तो पोटात जपून ठेवायचा.

निरोप तरी कसले! बर्फ बाजूला ठेव. जाळं फाटलं, दोरा आणून ठेव. पोरीचा ताप उतरला का? जेवायला थांबू नका. खाली वजनकाट्याशेजारी निरोप सांभाळणाऱ्या ताईंचं टेबल होतं. तिथल्या पडद्यावर हे सगळं उमटायचं. कारखान्यात आणि धक्क्यावर सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांचे दोन्ही भाऊसुद्धा. दोघं भाऊ मच्छीमार. वडिलांच्या मागे मोठी होडी थोरल्याने घेतली. धाकट्याच्या वाट्याला खोकणाऱ्या इंजिनाची जुनी होडी आली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. जे काही सांगायचं ते ताईंमार्फत. होड्या शेजारी शेजारी बांधलेल्या असल्या, तरी थोरल्याचा निरोप यायचा, ‘त्याला सांग, त्याचा दोर माझ्या होडीला घासतोय.’ ताई तो पुढे पाठवायच्या. धाकट्याचं उत्तर यायचं, ‘त्याला सांग, ती होडी माझ्याही वडिलांची आहे, मला काळजी आहे.’ ताई कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, यांच्या भांडणाला माझ्या पगारात भत्ता नाही.

गंमत अशी, की भाऊ अबोल होते तरी त्यांच्या पेट्या दिवसभर एकमेकींशी बोलत असायच्या. धाकटा फार आत जायचा, जिथे माझी हाक पोचत नसे. त्याचा प्रत्येक निरोप थोरल्याच्या पेटीतूनच माझ्याकडे यायचा.

पण या तलावावरच्या माणसांना एक खोड होती. मासळी लागली, की पेटीचं बटण बंद करायचं. दुसऱ्या होड्यांना आपली जागा कळू नये म्हणून! थोरला तर यात सगळ्यांचा गुरू. लव्हाळ्यांच्या बेटामागे गेला, की त्याची पेटी मुकी व्हायची. ती त्याची गुप्त जागा साऱ्या धक्क्याला ठाऊक होती, हे त्या बिचाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी काठाकडून वारा सुटला. थोरल्याची पेटी गप्प होती, आणि तिच्या मागे धाकट्याचीही. मी हाका घातल्या. रीतीप्रमाणे दोघींना वगळलं आणि दुसरा रस्ता शोधू लागले. रस्ताच नव्हता. सगळ्यांना त्या दिवशी मासळी लागली होती.

तेवढ्यात प्रवाशांची लाँच बेटाला वळसा घालत होती. तिच्या पेटीला कुठूनशी एक क्षीण हाक ऐकू आली, आणि क्षणभर रस्ता जुळला. धाकट्याच्या पेटीने पोटात जपलेला निरोप तिला दिला, तिने मला, मी ताईंना. ‘इंजिन बंद. कातळाकडे वाहतोय. दादाला सांग.’ लाँच पुढे सरकली आणि रस्ता तुटला.

ताई उठून उभ्या राहिल्या. कातळापाशी पाणी उथळ. लाँच तिथे गेली असती तर तिचाच तळ फुटला असता. धक्क्यावरून होडी जाईपर्यंत उशीर झाला असता. जवळ होता तो फक्त थोरला. आणि त्याचं बटण बंद.

ताई यंत्रघरात धावल्या आणि त्यांनी कारखान्याचा भोंगा सुरू केला. तो फक्त पाळी बदलताना वाजायचा. भर दुपारी तो वाजत राहिला. जो वारा धाकट्याला कातळाकडे ढकलत होता, तोच भोंग्याचा आवाज बेटापर्यंत घेऊन गेला. काठावर काय झालं म्हणून एकेकाने बटण दाबलं. माझ्या बहिणी एकामागून एक ओ देऊ लागल्या, आणि त्यांत थोरल्याची पेटीही होती. मी तिला तो निरोप दिला. थोरल्याने हातातलं भरलेलं जाळं तोडून पाण्यात सोडलं आणि होडी वळवली.

धाकटा वाचला. त्याची होडी कातळावर फुटली.

संध्याकाळी दोघं भाऊ ओल्या कपड्यांनी ताईंच्या टेबलासमोर उभे होते. खालची खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. थोरला ताईंकडे बघून म्हणाला,

“त्याला सांग, माझ्या होडीवर जागा आहे.”

ताई म्हणाल्या, “तो हा काय, तुझ्या बाजूला उभा आहे. तूच सांग.”

थोरला शर्टाची बाही पिळत राहिला. शेवटी धाकटा दाराकडे वळला. मग म्हणाला, “निघतो गं ताई.”

थोड्याच दिवसांत तो दूरच्या बंदरावर कामाला लागला. थोरल्याने त्यानंतर बटण कधी बंद केलं नाही. पुढे टेकडीवर उंच मनोरा आला, सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि माझ्या बहिणी होड्यांवरून उतरल्या. मला उतरवायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

ताई आता निवृत्त झाल्या आहेत, पण संध्याकाळी वाऱ्याला म्हणून गच्चीवर येतात. मागोमाग थोरलाही येतो. धाकट्याचा फोन आला, की ताई बोलता बोलता तो थोरल्यापुढे धरतात. थोरला मान हलवतो. “तूच विचार, जेवला का,” असं हळूच म्हणतो आणि उत्तर ऐकायला कान देऊन जवळ उभा राहतो.

मित्रांनो, दूरच्या माणसासाठी माझ्यासारखी पेटी लागतेच. तिला जपा. झाकण फुटलं तर वेळेवर बदला. तिचं बटण बंद करू नका, कारण तुमच्या पेटीतून आणखी कोणाचा तरी घरचा रस्ता जात असतो. पण तुमचं माणूस हाताच्या अंतरावर उभं असेल, तर त्याचा निरोप कोणाकडे देऊ नका. तो तुमचा तुम्हीच सांगा. आम्हा पेट्यांना तेवढं अंतर कापता येत नाही.